खाली घेण्याचा आदेश

आमच्या घरमालकांनी 'पडलो' हा शब्द स्वतःबद्दल कधी वापरला नाही. न्हाणीघराच्या दारात ते पालथे सापडले तेव्हाही म्हणाले, "मी जरा घाईनं खाली उतरलो." गाल फरशीला टेकलेला, चष्मा बादलीपाशी, आणि आवाजात मात्र एखादा कामचुकार तलाठी समोर उभा असल्याची जरब. मी उचलायला वाकलो तर मान वळवून म्हणाले, "काय अर्जदार, आज इकडं कुणीकडं?"

अर्जदार म्हणजे मी. गारखेड्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहत होतो आणि त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, हाक ऐकून धावत खाली आलो होतो. पण त्यांच्या दारात येणारा प्रत्येक माणूस अर्जदार होता. दूधवाला, कुरिअरवाला, एकदा तर मुलाचे सासरे. साहेब निवृत्त तहसीलदार होते. निवृत्त होऊन इतका काळ लोटला होता की त्यांना घाबरणारे कारकूनही निवृत्त होऊन गेले होते. पण तहसीलदारकी ही त्यांची नोकरी नव्हती, रक्तगट होता. कॉलनी त्यांना साहेबच म्हणायची. काही जण आदरानं, बरेच जण सवयीनं.

साहेब अंगानं ठेंगणे होते. हे सांगितलं की ऐकणारा लगेच समजल्यासारखी मान हलवतो, म्हणून मी सांगायचं टाळतो. ठेंगणी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, ती सुखानं ठेंगणी असतात. साहेबांचं तसं नव्हतं. उंची ही त्यांच्या मते निसर्गानं द्यायची गोष्ट नव्हती, व्यवस्थेनं द्यायची होती. घर बांधताना त्यांनी सगळ्या कॉलनीपेक्षा उंच जोतं घातलं. पुढं रस्त्यावर डांबरावर डांबर आणि त्यावर काँक्रीट चढत गेलं, शेजाऱ्यांची अंगणं रस्त्याच्या खाली गेली, पावसाळ्यात त्यांच्या घरात पाणी शिरू लागलं. साहेबांच्या जोत्याला काही झालं नाही. मोठा पाऊस झाला की ते व्हरांड्यात उभे राहून पाण्यातून वाट काढणाऱ्या शेजाऱ्यांकडं असे बघत, जसं काही हा पाऊस त्यांनीच मंजूर केला आहे.

दिवाणखान्याच्या एका टोकाला एक पायरीभर उंच ओटा होता आणि ओट्यावर त्यांची खुर्ची. समोर पाहुण्यांसाठी सोफा. त्या सोफ्यात बसलं की गुडघे छातीशी येत. कितीतरी दिवस मला वाटायचं की त्याच्या स्प्रिंगा गेल्या आहेत. नंतर काकूंनी सांगितलं की सुताराला बोलावून त्याचे पाय कापून घेतले आहेत.

भाडेकरू वरच्या मजल्यावर, म्हणजे मालकाच्या डोक्यावर राहतो, ही अडचण होतीच. ती त्यांनी 'वरचा मजला नाहीच, तो माळा आहे' असं ठरवून सोडवली. भाडेकरारातसुद्धा माळा असंच लिहून घेतलं. मी माळ्यावर राहतो हे कळल्यावर माझ्या बहिणीनं फोनवर विचारलं होतं, "सरळ उभं राहता येतं ना रे?"

त्यांचा पलंग जुना, शिसवी, कुठल्याशा जहागीरदाराच्या लिलावातला. चढायला लाकडी पायरी लागे. त्यावर दोन कापसाच्या गाद्या, त्यावर साहेब. सकाळी पायरीवरून उतरताना ते क्षणभर थांबून खोलीवर नजर टाकत. खोलीत काकूंशिवाय कुणी नसे.

*

वैजापूरला असतानाची एक गोष्ट ते वारंवार सांगत. कचेरीत सारख्या नावाचे दोन शिपाई होते. बदली एकाची करायची होती, झाली दुसऱ्याची. तो बिचारा समोर येऊन रडला. चूक साहेबांना दिसत होती. ते म्हणाले, "आदेश चुकला असेल, पण आदेश आहे. मी माझा आदेश फिरवत नसतो. प्रांतांकडं अपील कर." शिपायाला अपील कसलं माहीत. तेव्हा साहेबांनीच त्याला घरी बोलावून अपिलाचा मसुदा लिहून दिला. तो इतका जोरदार उतरला की प्रांतांनी बदली रद्द केली आणि वर तहसीलदारांवर निष्काळजीपणाबद्दल ठपका ठेवला.

"ठपक्यातली सगळी वाक्यं माझी होती," साहेब समाधानानं सांगत. "शब्दसुद्धा बदलला नव्हता प्रांतांनी."

शहराचं नाव बदललं तेव्हा त्यांचं त्यावर काय मत होतं हे कुणाला कळलं नाही. आदेश निघाला, त्या सकाळपासून ते छत्रपती संभाजीनगर असं पूर्ण म्हणू लागले. रिक्षावाल्यानं जुनं नाव घेतलं की दुरुस्त करत. रिक्षावाला नवं नाव घाईत अर्धंच घेई, तर तेही दुरुस्त करत. मी एकदा विचारलं, "पण साहेब, तुम्हाला मनातून काय वाटतं?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी कुठल्या तरी तिसऱ्याच खात्याचा प्रश्न विचारला आहे.

हसण्यासारखं होतं सगळं, आणि आम्ही हसायचोही. काकू पदराआड हसत. त्यांना आयुष्यभर या उंचीच्या खाली राहावं लागलं होतं, पण त्यांचा स्वर कधी तक्रारीचा नसे. साहेबांच्या थोरल्या बहिणीनं, देवगाव रंगारीच्या आक्कांनी, एकदा मला कारण सांगितलं होतं. "ल्हानपणी बापाबरं कचेरीत जायचा बघा. बाप आन् ह्यो दिसभर भुईवर बसायचे. साहेबाचे बूट तेवढे दिसायचे. लई दिस त्यो बुटाचंच बोलायचा." माणसाची इतकी सरळ कारणं मला सहसा पटत नाहीत. पण आक्कांना मला पटवायचं नव्हतंच. त्या मेथी निवडत होत्या.

*

मग कंपवात आला. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग हात, मग चाल. सही जमेना. शर्टाची बटणं काकू लावू लागल्या. साहेब हात मांडीखाली दाबून बसत. पाय उचलायचा म्हटला की फरशीला चिकटल्यासारखा तिथंच राहायचा आणि अंग पुढं जायचं. अशी माणसं पडतात. साहेबही पडू लागले, म्हणजे घाईनं उतरू लागले. न्हाणीघराच्या दारात, ओट्याच्या कडेला, आणि मग त्या शिसवी पलंगावरून दोनदा. दुसऱ्या वेळी कपाळ फुटलं. डॉक्टर टाके घालून म्हणाले, "आता पडले तर खुबा जाईल. आणि या वयात खुबा गेला की माणूस उठत नाही."

मुलगा पुण्याहून आला. तो कंप्युटरमधला, शांत, बापाच्या विरुद्ध. भांडला नाही, एवढंच म्हणाला, "आई, तू यांना उचलू शकत नाहीस. आणखी एकदा पडले की मी पुण्याला सेंटरमध्ये ठेवणार. तिथं माणसं असतात, पलंग सगळे खाली असतात. मी बघून ठेवलंय."

त्या संध्याकाळी काकू माझ्या जिन्यात येऊन बसल्या. त्यांना बोलायचं होतं आणि घरात बोलता येत नव्हतं.

"भाऊ, सेंटर चांगलंच असंल. पण तिथं ह्यांना साहेब कोण म्हणंल?"

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो.

"आजोबा म्हणतील सगळे," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांत जातील हे."

त्या वेळी मला ते अतिशयोक्त वाटलं होतं.

व्यायाम शिकवायला एक मुलगी येई. तीही आजोबाच म्हणायची आणि साहेब तिला उत्तर देत नसत. तिनं सुचवलं, "आजोबांची गादी सरळ जमिनीवरच टाका ना. पडायचा प्रश्नच मिटला." साहेब पहिल्यांदाच तिच्याशी बोलले.

"भुईवर माणसाला एकदाच घेतात."

मुलीला कळलं नाही. काकूंना कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आमच्याकडं माणूस जायला लागला की त्याला खाटेवरून खाली घेतात. पूर्वी सारवलेल्या भुईवर, आता पुसलेल्या फरशीवर, चटई टाकून. खाटेवर प्राण जाऊ नये म्हणतात. मग चमच्यानं पाणी, आणि भोवती माणसं. खाली घेतलं, एवढंच कुणी फोनवर सांगितलं की गावाकडची माणसं बॅग भरतात. साहेब देवधर्मातले नव्हते, पण कार्यपद्धतीतले होते, आणि ही कार्यपद्धती होती.

*

शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं की दवाखान्याच्या सामानाच्या दुकानात खाली जाणारा, बटणावरचा पलंग मिळतो, तो घ्या. मुलानं फोनवर होकार दिला. दुकान घाटी दवाखान्याच्या बाजूला होतं. साहेबांनी 'स्थळपाहणी'साठी स्वतः येणार असं जाहीर केलं. इस्त्रीचा सफारी, कपाळाला पट्टी, एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला मी. दुकानदार पन्नाशीचा, दाढीवाला, बोलका गृहस्थ होता. त्यानं साहेबांना एका नजरेत ओळखलं आणि दुकानातली सगळ्यात उंच खुर्ची पुढं केली.

"ये देखो मावशी, लो-बेड. बटण दाबलं की एकदम जमीन कू लगता. आदमी नींद में सरक्या तो लुढकता, गिरता नै."

"जमिनीला लागायला पलंग कशाला?" साहेब म्हणाले. "जमीन आहे की."

"नीचे जाता, तो ऊपर बी जाता साहब. कपडे बदलने, नर्स की कमर के वास्ते. ये देखो."

त्यानं बटण दाबलं. एक बारीक घरघर झाली आणि तो पलंग, रिकामा, पांढरा, हळूहळू वर चढू लागला. साहेबांची मान त्याच्याबरोबर वर गेली. तो थांबला तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी दुसरीकडं पाहिलं.

"कमाल उंची हीच?"

"इससे ऊपर किसी का नै जाता, साहब."

"आणि बटण कुणाच्या ताब्यात राहतं?"

"जिस कू आप बोले उसके."

काकूंना दोन्ही बाजूंना पूर्ण कठडे हवे होते. दुकानदारानं मान हलवली. "पूरा नक्को मावशी. पूरा लगाया तो बुढा आदमी कठड्यावरून चढून जायला बघतो, और ऊंचे से गिरता. आधा लगाओ, धरून उठायला."

"बुढा आदमी कोण?" साहेबांनी विचारलं.

"दूसरे लोगां, साहब," दुकानदार म्हणाला.

मग त्यानं काकूंना हळूच बाजूला नेऊन बाकीचं सांगितलं. गादी पातळच ठेवा, जाड टाकली तर खाली जाऊन उपयोग नाही. चाकांचे ब्रेक लावून ठेवा. झोपताना नेहमी खाली. आणि मागच्या बाजूला एक कळ आहे, ती फिरवली की बटण दाबूनही पलंग वर जात नाही. पेशंट हट्टी असेल तर फिरवून टाका.

अशा रीतीनं साहेबांनी जमिनीला टेकणारा पलंग त्याच्या उंचीकडं बघून मंजूर केला.

*

घरी आल्यावर पलंग दिवाणखान्यात सोफ्यासमोर लागला आणि पहिला आदेश निघाला की शिसवी पलंगावरच्या दोन्ही गाद्या नव्या पलंगावर टाकाव्यात. त्या टाकल्या असत्या तर पलंग बदलल्याचा काही अर्थ राहिला नसता. काकूंनी वाद घातला नाही. एक गादी धुवायच्या नावाखाली बाहेर गेली ती परत आली नाही, आणि दुसरीतला निम्मा कापूस गादीवाल्याकडून काढून घेतला. खोळ तीच, टाके तेच. साहेबांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हां, आता बरोबर."

मागची कळ मात्र काकूंनी फिरवली नाही. मी आठवण केली.

"भाऊ, ह्यांच्याकडून सही होत नाही. चहाचा कप धरवत नाही. हे एवढं एक दाबलं की काहीतरी होतंय. ते बी काढून घेऊ?"

आणि खरोखरच काहीतरी होत होतं. रिमोट साहेबांच्या छातीवर असे. बेल वाजली की अंगठा, तो थरथरणारा अंगठा, बटणावर जाई. पाहुणा आत येऊन सोफ्यात रुतेपर्यंत घरघर करत साहेब वर पोहोचलेले असत. तिथून ते खाली बघत आणि म्हणत, "हं, अर्जदार. काय म्हणणं आहे?" कॉलनीच्या गणपतीची वर्गणी मागायला आलेले अध्यक्ष मान वर करून इतका वेळ बोलले की जाताना मान चोळत गेले. कित्येक दिवसांनी साहेबांचा आवाज पूर्वीसारखा लागला. काकू स्वयंपाकघरातून ऐकत आणि माझ्याकडं बघून भुवया उंचावत.

झोपेचं काय, हे मला एके दुपारी कळलं. वर्तमानपत्र द्यायला खाली गेलो तर काकूंनी दारातच ओठांवर बोट ठेवलं. साहेब झोपले होते, उंच. काकूंनी आधी कूलर मोठा केला, मग त्यांच्या छातीवरून अलगद रिमोट उचलला. कूलरच्या आवाजात पलंगाची घरघर बुडून गेली. साहेब हळूहळू खाली आले, अगदी फरशीजवळ. काकू शेजारी चटईवर बसल्या.

"आणि उठल्यावर?" मी हळू विचारलं.

"उठायच्या आधी वर नेते. आधी श्वास बदलतो, मग अंगठा हलायला लागतो. तेवढा वेळ पुरतो."

म्हणजे साहेब उंचावर झोपत आणि उंचावर उठत. मधे आपण कुठं असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या एका झोपेवर काकूंची एक नजर, रोज, दुपारी आणि रात्रीही. त्यांची झोप केव्हा होई हे मी विचारलं नाही. दुपारची हळदीकुंकवं, लग्नं, समोरच्या बायकांबरोबर बाजारात जाणं, सगळं सुटलं. माहेरच्या बारशाला त्या गेल्या नाहीत. विचारलं तर म्हणत, "दुपारचं होत नाही हो मला." कॉलनीतल्या बायकांना वाटलं, साहेबांच्या आजारपणात काकूंना तोरा आला.

पण साहेब पडले नाहीत. हिवाळा गेला, उन्हाळा लागला, ते पडले नाहीत. एकदोनदा झोपेत कडेवरून घसरले ते थेट काकूंच्या चटईवर, वीतभर उंचीवरून, जागही न येता. काकूंनी आणि मी त्यांना परत वर सरकवलं. मुलगा दर रविवारी फोनवर विचारी आणि काकू खरं तेच सांगत. सेंटरचं नाव निघेनासं झालं.

*

एप्रिलमध्ये मुलगा दोन दिवस आला. त्याच दिवशी आक्काही देवगावहून आल्या, एका हातात काठी, दुसऱ्या हातात लसणाची जुडी. दुरुस्तीसाठी दुपारी लाईट जाणार असा मेसेज सगळ्यांच्या मोबाईलवर आला होता. काकूंनी मला विचारलं, मी म्हणालो साहेब उठायच्या आत येईल, नेहमी येते. घरात इन्व्हर्टर होता, त्यावर पंखा आणि एक दिवा चाले. पलंग त्यावर नव्हता.

जेवून साहेब झोपले. काकूंनी त्यांना खाली घेतलं. थोड्या वेळानं लाईट गेली.

तासभर गेला, मग आणखी थोडा. आक्का खुर्चीवर कधी बसत नसत, त्या पलंगाशेजारी फरशीवर बसल्या होत्या. धाकटा भाऊ झोपेत तोंड उघडं टाकून पडलेला, हाडं वर आलेली. आक्कांनी त्याला बऱ्याच दिवसांनी पाहिलं होतं. त्या पदर डोळ्याला लावून म्हणत होत्या, "लई वाळला गं बापू. निस्ता सांगाडा ऱ्हायलाय."

"आक्का, हळू," काकू म्हणाल्या. त्या उशाशी बसल्या होत्या. हातात पाण्याचं भांडं आणि चमचा. साहेबांना आता पाणी घशात अडकत असे, म्हणून उठल्याबरोबर चमच्यानं द्यावं लागे. त्यांची नजर साहेबांच्या अंगठ्यावर होती.

अंगठा हलला.

"अरे, बघ ना काही," काकू मुलाला म्हणाल्या. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मुलगा म्हणाला, "थांब, इन्व्हर्टरवर घेतो." त्यानं वायर ओढली, पलंगाचा प्लग त्यात घातला. मी गुडघ्यावर बसून वायर धरली. त्यानं बटण दाबलं. पलंग जागचा हलला नाही. जुना इन्व्हर्टर एकदा किंचाळला आणि बंद पडला. पंखा थांबला.

त्या शांततेत साहेबांनी डोळे उघडले.

त्यांना काय दिसलं हे मी पुष्कळदा मनात मांडून पाहिलं आहे. छत लांब गेलेलं. खुर्चीचे पाय, कपाटाखालची धूळ. उजवीकडं रडणारी बहीण, जी गावाहून सहसा येत नाही. पायाशी मुलगा, पुण्याचा, कामाच्या दिवशी. उशाशी बायको, चमच्यात पाणी घेऊन. आणि भाडेकरू, गुडघ्यांवर. सगळे फरशीवर, सगळे त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत.

साहेबांनी प्रत्येकाकडं बघितलं, सावकाश, हजेरी घेतल्यासारखं.

"बरं," ते म्हणाले. मग, "खाली कुणी घेतलं?"

मुलगा घाईनं बोलू लागला. "बाबा, लाईट गेलीय, पलंगाची मोटर..." साहेबांनी हाताचा पंजा किंचित वर केला. कचेरीत ते असंच थांबवत असावेत.

"आदेश कुणाचा?"

मग काकू म्हणाल्या, "माझा."

त्यांना दुसरं काही सांगता आलं असतं का, याचा विचार माझा करून झाला आहे. आलं असतं. पण त्या घरात खोटं बोलून मिळणारं सगळं काकूंनी तोपर्यंत वापरून संपवलं होतं.

साहेबांनी काकूंकडं बराच वेळ पाहिलं. त्या लग्नात आजवर जेवढे आदेश निघाले, त्यांत हा पहिलाच उलट दिशेनं आलेला असणार. मग त्यांनी तोंड उघडलं आणि चमच्यातलं पाणी घेतलं.

"ठीक आहे," ते म्हणाले.

लाईट पाचच्या सुमाराला आली. काकूंनी ताबडतोब बटण दाबलं. पलंग घरघरत चढू लागला. साहेबांनी हात पुढं केला, रिमोट मागितला. काकूंनी दिला. त्यांनी दोन्ही हातांनी धरून, अंगठा स्थिर करत, खालचं बटण दाबलं आणि पलंग टेकेपर्यंत दाबून धरलं. त्या पलंगावर त्यांनी खालचं बटण दाबलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"अहो, तसं नव्हतं काही," काकू म्हणाल्या. "तुम्ही बरे आहात. हे बघा, वर घेते."

"निघालेला आदेश फिरवायचा नसतो."

"माझा आदेश आहे ना? मी फिरवते."

"ज्याचा त्याला फिरवता येत नाही," साहेब शांतपणे म्हणाले. मग डोळे मिटून, "अपील करा."

मी दुसऱ्या दिवशी खाली गेलो. सोफ्यात बसावं तर मी त्यांच्यापेक्षा उंच होत होतो, म्हणून फरशीवर बसलो. त्यांनी मला अर्जदार म्हटलं नाही. माझ्या नावानं हाक मारली आणि विचारलं, "वरच्या मजल्यावर पाणी नीट येतं ना?" माळा म्हणाले नाहीत, मजला म्हणाले. मी हो म्हणालो. तिथून उठून वर आलो आणि उगाच नळ सोडून पाहिला.

त्यांना दुखत काही नव्हतं. डॉक्टर आले, तपासून म्हणाले, सगळं पूर्वीसारखंच आहे. मुलानं मोबाईलवर पलंगाची जाहिरात लावून दाखवली, हा आजारात वापरायचाच पलंग आहे, खाली जाण्यासाठीच बनवला आहे. साहेबांनी सौजन्यानं पाहिली. बेल वाजली तरी अंगठा हलेना. जेवण कमी होत गेलं. काकू घास पुढं करत, ते एखादा घेत, दुसऱ्याला मान वळवत. रागानं नाही. काम संपलेल्या कचेरीत माणूस घड्याळाकडं न बघता बसून राहतो तसं. काकूंना आता दुपारी जागं राहायची गरज नव्हती. तरी त्यांना झोप लागत नसे.

मे संपायच्या आत साहेब गेले. सकाळी, सगळ्यांच्या देखत. शेवटच्या घटकेला आक्का म्हणाल्या, "खाली घ्या रं त्याला, खाली घ्या." मुलगा आणि मी पुढं झालो. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, पलंग टेकलेलाच आहे, चालतं. दुसरे म्हणाले, चाकं आहेत, भुईला अंग लागलं पाहिजे. त्यावर हळू आवाजात चर्चा सुरू झाली. काकूंनी मान वर न करता ती थांबवली.

"ते कधीचे खाली आहेत," त्या म्हणाल्या.

*

दहाव्याला मुलगा भेटायला येणाऱ्यांना सांगत होता, "पलंग मात्र चांगला निघाला. घेतल्यापासून एकदाही पडले नाहीत." त्यात खोटं काहीच नव्हतं. लोक माना हलवत होते. कुणीतरी दुकानाचा पत्ता विचारून घेतला.

महिन्याभरानं सिडकोतला एक तरुण तो पलंग न्यायला आला. त्याची आई पडत होती. टेम्पो बाहेर उभा होता. काकूंनी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. गादी पातळ, कठडा अर्धा, चाकांचे ब्रेक. मागची कळ दाखवली आणि म्हणाल्या, शक्यतो फिरवू नका. रिमोट त्याच्या हातात दिला, आणि दिल्यावरही क्षणभर सोडला नाही.

"दिवसा वर ठेवा. झोप लागली की खाली घ्या, आणि जाग यायच्या आधी परत वर. अंगठ्याकडं लक्ष ठेवा."

"अंगठ्याकडं?"

"आणि ज्या दिवशी लाईट जाणार असंल," काकू म्हणाल्या, "त्या दिवशी आईला दुपारी झोपू देऊ नका. काही बी करा, गप्पा मारत बसा. पण झोपू देऊ नका."

तरुण हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करते आहे.